नात्याचा रकाना

निवृत्तीला एकदीड वर्ष उरले असताना एम. ए.च्या वर्गात भाषांतरमीमांसा शिकवत होतो. मूळ संहिता, लक्ष्य भाषा, सममूल्यता असे सगळे नेहमीचे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, कवितेच्या भाषांतरात एखादा शब्द चुकला तर फार तर वाचकाचा रसभंग होईल. पण एका शब्दानं कुणाचं खरोखर काही नुकसान होतं का?" वर्ग हसला. मीही हसलो. बायबलच्या भाषांतरांवरून झालेल्या रक्तपाताचा ठराविक दाखला दिला आणि तास संपवला. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

त्या सुमारास वसाहतकालीन न्यायालयांची भाषा या विषयावर एका चर्चासत्रासाठी वाचन चालू होते. मलाक्काच्या सामुद्रधुनीकाठच्या ब्रिटिश वसाहतीत, म्हणजे पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर येथे, चिनी रहिवाशांची कायद्यापुढे काय ओळख होती, हा त्यातला एक उपविषय. त्यात सिंगापूरचा १९०८ साली निकाली निघालेला एक दावा वाचनात आला. कायद्याच्या इतिहासात तो 'सहा विधवांचा खटला' या नावाने ओळखला जातो. पुढच्या तासाला मी तोच दावा वर्गासमोर ठेवला. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला ते उत्तर होते. पण त्या दाव्याने मला इतके का धरून ठेवले, हे वर्गात सांगितले नाही. ते इथे लिहायचे आहे. त्यासाठी आधी थोडे दूर जावे लागेल, आणि त्या दूरच्या वाटेची सुरुवात योगायोगाने आमच्याच डोंगरात होते.

*

माझ्या आत्याचे सासर जावळीच्या खोऱ्यात, महाबळेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी होते. उन्हाळ्याच्या सुटीत तिच्याकडे गेलो की एकदा तरी वर जाणे होई. तिथल्या एका धबधब्याला 'चायनामन' म्हणत. सह्याद्रीतल्या धबधब्याला चिनी माणसाचे नाव का, असे एकदा आत्याला विचारले. ती म्हणाली, "चिन्यांची बाग होती म्हणं तिथं. साहेबानं बांधून आणले होते." एवढीच माहिती. मला ती तेव्हा दंतकथा वाटली होती.

ती दंतकथा नव्हती. साताऱ्याच्या राजाकडून जागा घेऊन इंग्रजांनी १८२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसवले. त्यानंतर काही वर्षांतच सामुद्रधुनीच्या वसाहतीत शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी तिथे आणून ठेवले गेले. त्यांच्यासाठी तुरुंग होता. ते भाजीपाल्याचे मळे करत, वेताच्या टोपल्या विणत. १८६४ च्या सुमारास तुरुंग बंद झाला आणि मागे उरले ते धबधब्याचे नाव. उलट दिशेने हिंदुस्थानातले कैदी १८२५ पासून सिंगापूरला जात होते. तिथले सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आणि गव्हर्नराचा प्रासाद त्यांच्याच हातांनी उभे राहिले.

या देवाणघेवाणीचे कारण सरळ होते. १८६७ पर्यंत सामुद्रधुनीच्या वसाहती हिंदुस्थान सरकारच्याच अखत्यारीत होत्या. तिथे कलकत्त्याहून हुकूम जात, हिंदुस्थानात झालेले कायदे लागू होत. पुढे वसाहत लंडनच्या थेट ताब्यात गेली तरी तिथली दंडसंहिता आपल्या १८६० च्या दंडसंहितेवरूनच बेतली गेली. म्हणजे जावळीचा शेतकरी आणि सिंगापूरचा चिनी दुकानदार काही काळ एकाच सरकारचे प्रजाजन होते. फरक पडला तो एका ठिकाणी, आणि तो मोठा होता.

हिंदुस्थानात वॉरन हेस्टिंग्जने १७७२ सालीच ठरवून टाकले होते की विवाह, वारसा, जात, धर्मसंस्था या बाबतींत हिंदूंना शास्त्रांचा आणि मुसलमानांना कुराणाचा कायदा लागू होईल. त्यातून पंडितांचे अभिप्राय आले, स्मृतींची भाषांतरे झाली, आणि 'हिंदू कायदा' नावाची एक वस्तू आकाराला आली. ती कितपत हिंदूंची होती हा वेगळा वाद. पण न्यायाधीशाला त्या ग्रंथांकडे पाहणे भाग होते. पिनांग १७८६ साली कंपनीने घेतले तेव्हा ते जवळजवळ निर्मनुष्य मानले गेले. आरंभी प्रत्येक जमातीचा 'कपितान' आपापल्या लोकांचे तंटे सोडवी. पुढे १८०७ च्या सनदेने न्यायालय आले, आणि त्या सनदेबरोबर इंग्लंडचा कायदाही आला, असा अर्थ न्यायाधीशांनी लावला. रहिवाशांचे धर्म, रीती आणि परिस्थिती यांना मानवेल इतपतच तो लागू करावा, अशी एक पुस्ती त्याला होती. चिनी माणसाची कायद्यातली सगळी जागा त्या पुस्तीत होती. त्याला स्वतःचा कायदा नव्हता. इंग्रजी कायद्यातून मिळालेली सवलत होती. आणि सवलत मागायची तर आपली रीत इंग्रजी शब्दांत सांगावी लागते.

*

छू एंग छून हा सिंगापूरचा धनाढ्य चिनी गृहस्थ मृत्युपत्र न करता वारला. त्याच्या मालमत्तेवर सहा स्त्रियांनी विधवा म्हणून हक्क सांगितला. इंग्रजी कायद्यात विनामृत्युपत्र मालमत्तेची वाटणी १६७० च्या एका जुन्या अधिनियमाने होई. मुले असतील तर विधवेला एक तृतीयांश, उरलेले मुलांना समान. त्या अधिनियमात विधवा हा शब्द अर्थातच एकवचनी होता. १८६६ साली लंडनच्या एका न्यायाधीशाने एका मॉर्मन जोडप्याच्या खटल्यात विवाहाची व्याख्या करून ठेवली होती: एक पुरुष आणि एक स्त्री यांचे, इतर सर्वांना वगळून, आयुष्यभराचे मीलन. मग सिंगापूरच्या न्यायालयापुढे उभ्या असलेल्या या सहाजणी कोण?

चिनी भाषेत दोन शब्द होते. न्यायालयाच्या कागदांत ते 'त्साय' आणि 'त्सिप' असे उतरले आहेत. त्साय म्हणजे वाजतगाजत, सर्व विधींनी आणलेली पहिली पत्नी. छिंग राजवटीच्या संहितेनुसार पुरुषाला त्साय एकच असू शके. पहिली असताना दुसरी त्साय करणे हा गुन्हा होता. त्सिप म्हणजे तिच्यानंतर घरात आणलेली स्त्री. तिचे स्थान खालचे, पण ते स्थान होते. तिची मुले औरस मानली जात, आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे त्या मुलांना जागा असे. या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचे? जॉर्ज स्टॉन्टनने १८१० साली छिंग संहितेचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला होता. त्यात 'कनिष्ठ पत्नी' अशी शब्दयोजना सापडते. कोशकारांचा आणि मिशनऱ्यांचा कल 'रखेल' या अर्थाच्या शब्दाकडे होता. 'दुय्यम पत्नी' असाही एक पर्याय प्रचलित होता. तिन्ही भाषांतरे आपापल्या परीने समर्थनीय होती. वाचनालयात बसून त्यांची तुलना करणे हा आनंदाचा विषय झाला असता. पण पहिला शब्द घेतला तर ती बाई विधवा ठरत होती, दुसरा घेतला तर ती कुणीच ठरत नव्हती.

अशा दाव्यांत पुरावा कोणता मांडला जाई तेही पाहण्यासारखे आहे. लग्नात कोणता विधी झाला, चहाचा पेला कुणी कुणाला दिला, पूर्वजांपुढे कोण वाकले, नातलग तिला कोणत्या नावाने हाक मारत. ज्या गोष्टी घरात कुणी कुणाला विचारत नाही त्या दुभाष्यामार्फत कचेरीत विचारल्या जात. एका घरातल्या बायकांना एकमेकींच्या आयुष्याची तपासणी होताना ऐकावी लागे.

न्यायालयाने शेवटी ठरवले की चिनी विवाहपद्धती बहुपत्नीक आहे, त्सिप ही कायद्याच्या दृष्टीने पत्नी आहे, आणि त्साय व त्सिप यांनी विधवेचा एक तृतीयांश आपसांत सारखा वाटून घ्यावा. असा विचार तिथे १८६७ पासून एका निवाड्यात होताच. आता तो पक्का झाला. पुढे १९२० साली पिनांगच्या एका दाव्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने असेही मान्य केले की दुय्यम पत्नी ठरायला ठराविक विधी झालाच पाहिजे असे नाही.

वर्गात इथपर्यंत सांगितल्यावर विद्यार्थ्यांना निकाल आवडला. कनिष्ठ स्थानातल्या स्त्रीला न्याय मिळाला, असे त्यांना वाटले. मलाही ते नाकारायचे नाही. पण निकालाकडे जरा जवळून पाहिले की तो कुणाचाच कायदा नाही हे ध्यानात येते. चिनी रिवाजात विधवेला असा मालकीचा हिस्सा नव्हता, मुलींना तर नव्हताच. मालमत्ता मुलग्यांकडे जाई. त्साय आणि त्सिप समान, हे तर चिनी कुटुंबाला अगम्यच वाटले असते. दुसरीकडे, एका पुरुषाच्या अनेक विधवा, हे इंग्लंडमध्ये कुणी ऐकून घेतले नसते. चिनी शब्द इंग्रजी अधिनियमात बसवताना दोन्हीकडे नसलेली एक तिसरी गोष्ट जन्माला आली. तिचा त्या बायकांना फायदा झाला. भाषांतराचे अभ्यासक ज्याला तिसरी संहिता म्हणतात ती इथे शब्दांची नव्हती, घरादाराची होती.

*

हीच पुस्ती दुसऱ्या ठिकाणी नेमकी उलटी फिरली. पिनांगच्या एका चिनी स्त्रीने आपल्या मृत्युपत्रात एक घर कुटुंबातील मृतांच्या पूजाविधींसाठी कायमचे राखून ठेवले होते. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८७५ साली निकाल लागला. न्यायाधीशांनी त्या विधींबद्दल तुच्छतेने लिहिले नाही. मृतांसाठी अन्न ठेवण्याची चिनी रीत आणि मृतांसाठी मास म्हणण्याची कॅथलिक रीत यांतले साम्य त्यांच्या नजरेत आले होते. पण इंग्रजी कायद्यात मालमत्ता अनंत काळ बांधून ठेवता येत नाही. अपवाद फक्त धर्मादायाचा. पूर्वजांच्या पूजेचा लाभ एका कुटुंबापुरता, म्हणजे तो धर्मादाय नव्हे, म्हणून तरतूद रद्द. सिंगापूरच्या न्यायालयाने अशाच एका तरतुदीबाबत १८६९ साली तसाच निर्णय दिला होता.

इथे आपल्याकडचे उदाहरण समोर ठेवून पाहावे. त्याच काळात, त्याच प्रिव्ही कौन्सिलच्या अधिकाराखाली, हिंदू माणसाला कुलदैवताच्या नावे जमीन कायमची लावून देता येत होती. मूर्ती हीच मालक, असे मानायला न्यायालये तयार होती. आपल्या भावनेचा मान राखला गेला, कारण आपल्यापाशी शास्त्र आहे हे १७७२ साली मान्य झाले होते. चिनी माणसापाशी तर आपल्याहून बांधीव, कलमवार लिहिलेली संहिता होती. पण तो पिनांगला 'आलेला' होता. त्याची संहिता त्याच्याबरोबर बोटीत बसून आली, असे कायद्याने मानले नाही. रिवाज आला, तोही साक्षीदाराच्या तोंडून सिद्ध करण्याजोगा.

हाँगकाँगमध्ये नेमके याच्या विरुद्ध घडले. तिथे इंग्रज चिनी भूमीवर गेले होते. कॅप्टन एलियटने १८४१ साली जाहीर केले की छळाच्या शिक्षा सोडून बाकी चिनी कायदे आणि रिवाज चालू राहतील. छिंग राजवट १९१२ मध्ये संपली, चीनमध्ये १९३० च्या सुमारास नवी नागरी संहिता आली, तरी हाँगकाँगच्या न्यायालयांत छिंगकालीन विवाहविधी 'रिवाज' म्हणून जिवंत राहिला. तिथे नवी त्सिप करण्याची कायदेशीर वाट बंद झाली ती १९७१ साली. ज्या साम्राज्याची संहिता सहा दशकांपूर्वी बुडाली होती ती एका इंग्रजी वसाहतीत श्वास घेत होती. तिथलेच दुसरे टोक असे की १८९७ पर्यंत रात्री बाहेर पडणाऱ्या चिनी माणसाला परवाना जवळ बाळगावा लागे, आणि १९०४ च्या कायद्याने शहरावरच्या टेकडीवर राहण्यास त्याला मनाई होती. त्याच्या रिवाजाचा मान राखणारे आणि त्याला टेकडीवर येऊ न देणारे सरकार एकच होते.

*

विवाहाआधीचा एक प्रश्न म्हणजे, मुळात हा माणूस कुणाचा? सामुद्रधुनीच्या वसाहतीत जन्मलेला चिनी हा जन्माने ब्रिटिश प्रजाजन होता. अर्ज करून प्रजाजन होण्याची वाट १८५२ च्या हिंदुस्थानी अधिनियमाने खुली केली होती. पण असे मिळालेले प्रजाजनत्व वसाहतीच्या हद्दीपुरतेच असे. उरलेले परकीय. कागदावरचा हा भेद रस्त्यावर फार जड होता. गुप्त मंडळ्यांशी संबंध ठेवल्याच्या किंवा शांतताभंगाच्या संशयावरून परकीय माणसाला हद्दपार करता येई. वसाहतीत जन्मलेल्याला नाही. दोन माणसे एकाच गल्लीत, एकच बोली बोलत राहत, एकाला रातोरात बोटीवर चढवता येई आणि दुसऱ्याला येत नसे. १८७७ साली 'चिन्यांचा संरक्षक' नावाचा अधिकारी नेमला गेला. पहिला संरक्षक पिकरिंग याला चिनी बोली येत होत्या. तोवर सरकारातल्या फार थोड्या युरोपीय माणसांना आपल्या सर्वांत मोठ्या प्रजेची भाषा समजत होती.

वसाहतीत जन्मलेल्यांना, ज्यांना 'बाबा' किंवा सामुद्रधुनीचे चिनी म्हणत, आपल्या ब्रिटिशपणाचा अभिमान होता. लिम बून केंग आणि साँग ओंग सियांग हे त्यांचे पुढारी इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये राणीच्या शिष्यवृत्तीवर शिकून आले. त्यांनी १८९७ साली इंग्रजी नियतकालिक काढले, १९०० साली सामुद्रधुनीच्या ब्रिटिश चिन्यांची संघटना उभारणाऱ्यांत ते होते. पण हाच बाबा व्यापारासाठी किंवा आईवडिलांचे मूळ गाव पाहण्यासाठी चीनमध्ये गेला की पंचाईत होई. चीनचे सरकार त्याला आपला माणूस मानी. त्याने इंग्रज वकिलाकडे धाव घेतली तर वकिलाने त्याला ओळखायचे कसे? यावर ब्रिटिश राजदूत अल्कॉक याने १८६८ साली नियम केला: चिनी वंशाच्या ब्रिटिश प्रजाजनाला चीनमध्ये संरक्षण हवे असेल तर त्याने चिनी पोशाख टाकून वेगळा दिसेल असा वेश घालावा.

या नियमापाशी मी बराच वेळ थांबलो. जन्मदाखला खिशात, राणीचे प्रजाजनत्व कायद्याने सिद्ध, पण ते अंगावर दिसले पाहिजे. आणि नात्यागोत्यात जायचे तर चिनी झग्यातच जायला हवे. १९०९ साली छिंग सरकारने आपला राष्ट्रीयत्वाचा कायदा केला आणि चिनी बापाचे मूल कुठेही जन्मले तरी चिनीच, असे ठरवले. एकाच माणसावर दोन कायद्यांनी दोन नावे लिहिली. लिम बून केंग यांचे पुढचे आयुष्य पाहिले तर त्या दोन नावांचे ओझे कळते. सिंगापूरच्या विधिमंडळात बसलेला हा ब्रिटिश प्रजाजन १९२१ ते १९३७ चीनमधल्या आमॉय विद्यापीठाचा कुलगुरू होता. जपान्यांनी सिंगापूर घेतल्यावर त्याच वृद्धाला 'परदेशस्थ चिन्यांचा' प्रमुख म्हणून पुढे उभे करून साऱ्या समाजाकडून पाच कोटी डॉलरची खंडणी गोळा करवली गेली. जपान्यांनी त्याच्या ब्रिटिशपणाकडे पाहिलेही नाही.

*

आता आत्याकडे येतो.

आत्याचे लग्न १९४९ साली झाले. आतोबांची पहिली बायको हयात होती. तिला मूल नव्हते. तिच्याच संमतीने, किंबहुना तिच्याच पुढाकाराने हे दुसरे लग्न ठरले, असे आमच्या घरी सांगत. आत्या तिला अक्का म्हणे. देवाब्राह्मणांसमक्ष लग्न लागले, गावजेवण झाले. मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या विवाहाला बंदी करणारा कायदा १९४६ सालीच झाला होता, हे मांडवातल्या कुणाला ठाऊक नव्हते, किंवा ज्याला होते तो बोलला नाही. आत्यालाही मूल झाले नाही. दोघी एका चुलीवर चोवीस वर्षे राहिल्या. त्यांचे भांडण मी ऐकलेले नाही. फार जिव्हाळा होता असेही म्हणणार नाही. सवयीने माणसे एकमेकांची होतात तशा त्या होत्या.

१९७३ साली आतोबा गेले. मी तेव्हा पुण्यात बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. घरात लिहिता-वाचता मीच, म्हणून वारसनोंदीच्या कागदांसाठी दोघींना घेऊन मी तलाठ्याकडे गेलो. भाऊसाहेबांनी छापील अर्ज पुढे सरकवला. मी लिहू लागलो. 'मयताशी नाते' या रकान्यात अक्काच्या नावापुढे 'पत्नी' लिहिले. आत्याच्या नावापाशी भाऊसाहेबांनी पेन अडवले.

"ह्या कोण?"

अक्काच म्हणाली, "ती बी बायकोच की. दोघी."

"कायद्यात दोघी बसत नाहीत, बाई," ते म्हणाले. आवाजात काही दुष्टपणा नव्हता. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दुसरं काय ते लिहा. तुम्ही शिकलेले आहात."

आपल्या भाषेत यासाठी किती शब्द आहेत! राख, रखेल, ठेवलेली, अंगवस्त्र, नाटकशाळा. भाऊसाहेबांच्या मनात कोणता होता ते मला कळत होते आणि तो लिहायला मी धजणार नव्हतो. मी साहित्याचा विद्यार्थी. मला एक शुद्ध, संस्कृत, कुणाला न दुखवणारा शब्द सुचला. मी लिहिले: 'उपपत्नी'. लिहिताना, आज कबूल करतो, मला थोडे बरे वाटले होते. भाऊसाहेबांनी वाचले आणि समाधानाने मान हलवली. आत्याने अंगठा उमटवला.

एस.टी.ची वाट पाहताना तिने विचारले, "काय लिहिलंस रे माझ्या नावाम्होरं?"

मी म्हणालो, "बायको असंच लिहिलंय."

जमीन अक्काच्या नावे झाली. अक्का होती तोवर काही बिघडले नाही. १९८१ साली ती गेली. तिचे वारस म्हणून आतोबांचे पुतणे आले आणि त्यांनी कागद काढले. त्यात माझ्या अक्षरात तो शब्द होता. आत्या एक ट्रंक आणि दोन भांडी घेऊन आमच्याकडे परत आली आणि १९९४ पर्यंत, मरेपर्यंत, आमच्या माजघरात राहिली. तिने मला पुन्हा काही विचारले नाही. पुतण्यांनी तिला तो कागद वाचून दाखवला होता की नाही, हे विचारण्याचे धैर्य मलाही झाले नाही.

*

पुढे कायदा वाचताना एक गोष्ट कळली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात 'विधवा' एकवचनी नाही. मृताला एकाहून अधिक विधवा असतील तर त्या सर्वांनी मिळून एक हिस्सा घ्यावा, अशी तरतूद त्यात आहे. बंदीच्या आधी झालेल्या लग्नांसाठी ती वाट मोकळी ठेवलेली होती. वाचताक्षणी मला सिंगापूरच्या त्या एक तृतीयांशाची आठवण झाली. म्हणजे कायद्यात दोघी बसत होत्या. तीन वर्षे आधी लग्न झालेल्या दोघी.

वकिली करणारे माझे एक मित्र सांगतात की मी 'पत्नी' लिहिले असते तरी ते लग्न कायद्याने निरर्थकच होते, तेव्हा मी मनाला लावून घेऊ नये. ते बरोबर असतील. पण त्या दिवशी त्या कचेरीत लग्नाची तारीख कुणी विचारली नव्हती. अक्का स्वतः साक्षीला उभी होती. दोन्ही नावे एकाच शब्दाने नोंदली गेली असती तर पुतण्यांना निदान कोर्टात जाऊन सिद्ध करावे लागले असते. तेवढे काम मी त्यांचे वाचवले. द्विभार्याबंदी हवीच होती याविषयी माझ्या मनात शंका नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९५१ साली तो कायदा उचलून धरला, सिंगापूरने १९६१ च्या स्त्रियांच्या सनदेने मुस्लिमेतरांसाठी बहुपत्नीत्व संपवले, हे चांगलेच झाले. मला खुपते ते वेगळेच आहे. पुरुषांच्या वागणुकीला आळा घालणारा कायदा आला, आणि त्याची किंमत पहिल्यांदा रकान्यात न बसणाऱ्या बाईने मोजली.

छू एंग छूनच्या दाव्यात न्यायाधीशांपुढे कोश होते, संहितेचे भाषांतर होते, चिनी रिवाज सांगणारे साक्षीदार होते. त्यांनी त्सिप या शब्दाला इंग्रजी पेहराव चढवताना बरेच काही चुकवले. तरी त्यांनी निदान विचारले होते की या बाईला तिच्या घरात काय म्हणतात. आमच्या कचेरीत ते अक्काने न विचारता सांगितले होते. भाषा आमचीच होती, दुभाष्याची गरज नव्हती. मी तिचे वाक्य ऐकले आणि त्याचे भाषांतर केले.

त्या विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारले होते, "मग सर, त्सिपला मराठीत काय म्हणाल?" मी तेव्हा 'दुय्यम पत्नी' असे काहीतरी म्हणालो. आता विचारले तर अक्काचा शब्द सांगेन.